शून्यावर परतणारा काटा

मनगटी क्रोनोग्राफचं, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळाचं, कौतुक सुरू झालं की गाडी हमखास छोट्या तबकड्यांच्या संख्येवर जाते. दोन असल्या तर साधं, तीन असल्या तर भारी! नाहीतर कोणीतरी खिशातून फोन काढून विचारतं, की यातलं स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग मोजतं, मग हे यंत्र हवं कशाला? तबकड्या मोजून घड्याळाचा दर्जा कळत नाही, एवढं बोलून पहिला मुद्दा सोडू. दुसऱ्याचं उत्तर आपल्या बोटात आहे. डोळ्यांनी पाहून बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, त्यामुळे हाताने थांबवलेल्या स्टॉपवॉचचा शेवटचा आकडा निव्वळ शोभेचा. ताशी २८,८०० ठोक्यांच्या यांत्रिक घड्याळात काटा सेकंदाला ८ पावलं टाकतो. तो सलग सरकतो असं वाटणं हा नजरेचा भास. १९६९ मध्ये आलेलं झेनिथचं एल प्रिमेरो ३६,००० ठोक्यांवर चालतं, म्हणजे दशांश सेकंद. बोटाच्या मानाने ही अचूकता पुष्कळ झाली.

क्रोनोग्राफ जोखायचा तर त्याचा काटा शून्यावर कसा येतो ते पाहावं. काटा १७ सेकंदांवर थांबलेला असो की ५३ वर, बटण दाबताच तो थेट १२ च्या खुणेवर जाऊन उभा राहतो. ना मोटर, ना स्मृती. मग किती मागे किंवा पुढे जायचं हे त्याला कळतं कसं?

१८२१ मध्ये निकोलस रियुसेकने घोड्यांच्या शर्यतीसाठी केलेलं यंत्र तबकडीवर शाईचे ठिपके उमटवायचं. काटा शून्यावर आणण्याची सोय त्यात नव्हती. ती अडॉल्फ निकोल याच्या १८४४ च्या पेटंटमधल्या एका चपट्या पोलादी तुकड्याने केली. हा तुकडा पिंपळाच्या पानाच्या आकाराचा असतो आणि सेकंदकाट्याच्याच आसावर बसवलेला असतो. पानाचं टोक आसापासून सर्वांत दूर, देठाकडची खाच सर्वांत जवळ. बटण दाबलं की एक सपाट तोंडाची हातोडी त्याच्या कडेवर आपटते. कड तिरपी असल्याने हातोडी आसाकडे सरकत जाते आणि पानाला फिरवत नेते. खाच समोर आली की पानाचे दोन्ही खांदे हातोडीच्या सपाट तोंडाला एकदम टेकतात आणि पान जागच्या जागी घट्ट होतं. ती जागा म्हणजे शून्य.

आता थोडं गणित. पानाची प्रत्येक बाजू ढोबळमानाने अशी कापतात, की कोन जितका वाढेल त्याच प्रमाणात आसापासूनचं अंतर वाढावं. अंतर र आणि कोन थ धरला तर र = अ + ब × थ, यात अ आणि ब या ठरावीक संख्या. अंतर वाढण्याचा दर सगळीकडे सारखा, म्हणून हातोडीचा जोर तेवढाच असेल तर काट्याला मिळणारा पीळही सारखाच राहतो, मग तो १० अंशांवरून परतायचा असो की १७० अंशांवरून. त्याऐवजी साधा अंडाकृती कॅम, म्हणजे कडेने ढकलणारा फिरता तुकडा, असता तर टोकापाशी आणि खाचेपाशी हा पीळ जवळजवळ शून्य झाला असता आणि काटा अर्ध्या रस्त्यात रेंगाळला असता. पान दोन्ही बाजूंनी सारखं असल्यामुळे काटा नेहमी जवळच्या वाटेने जातो. २० सेकंदांवर थांबवलात तर मागे, ४० वर थांबवलात तर पुढे. हे घड्याळ न उघडता कोणालाही पाहता येतं.

गंमत पुढेच आहे. क्रोनोग्राफची मिनिटं मोजणाऱ्या काट्यालाही असंच पान असतं आणि बहुतेक रचनांमध्ये दोन्ही हातोड्या एकाच तरफेवर असतात. दोन्ही एकाच क्षणी बसायला हव्यात. मिनिटांची हातोडी मिलिमीटरच्या काही शतांशांनी आधी टेकली, तर सेकंदांची अर्धवट राहते आणि काटा शून्याच्या आजूबाजूला डुलतो. काही घड्याळांत यासाठी उत्केंद्री, म्हणजे मध्य बाजूला असलेला, स्क्रू असतो. तो नसेल तर आधी टेकणाऱ्या हातोडीचं तोंड तेलाच्या दगडावर अगदी थोडं घासतात. जास्त घासलं गेलं तर ते परत भरून येत नाही. काटा दर वेळी एकाच बाजूला, तेवढाच चुकत असेल तर तो बसवतानाच तिरका बसला आहे. चूक दर वेळी वेगळी असेल, तर काट्याची नळी आसावर सैल होऊन आपटीसरशी घसरते आहे, किंवा हातोडी पुरती बसत नाही.

काटा चालू करणारा क्लचही तितकाच नाजूक. आडव्या क्लचमध्ये सतत फिरणारं एक चाक सरकून मधल्या बारीक दात्यांच्या चाकाला भिडतं. दात्यावर दाता आला की सुरुवातीला काटा किंचित उडी मारतो, तो बिघाड नव्हे. भिडण्याची खोली मात्र नेमकी लागते. जास्त झाली तर बॅलन्स चक्राचा, म्हणजे घड्याळाची गती ठरवणाऱ्या मागेपुढे फिरणाऱ्या चाकाचा, झोका घटतो, कमी झाली तर काटा अडखळतो. त्या मधल्या चाकाखाली एक पातळ पट्टीची स्प्रिंग असते, दात्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे काटा थरथरू नये म्हणून. ती ढिली तर काटा कापतो, ताठ तर झोका आणखी पडतो. या दात्यांना तेल लावायचं नसतं. उभ्या क्लचमध्ये चकत्या घर्षणाने जुळतात, त्यामुळे उडी नाही. सेइकोच्या ६१३९ या यंत्रणेत तो १९६९ मध्येच होता.

कॉलम व्हील असलं की घड्याळ आपोआप श्रेष्ठ, हा विक्रेत्यांचा आवडता पाढा. चालू, बंद आणि शून्य या क्रिया ताब्यात ठेवणारं, प्रत्येक दाबाला एक दाता पुढे सरकणारं हे उभ्या खांबांचं चाक दिसायला देखणं आणि बटणाचा दाब मऊ करणारं आहे, यात वाद नाही. पण ओमेगाने १९६८ मध्ये कॉलम व्हीलवाल्या ३२१ या यंत्रणेच्या जागी कॅमवालं ८६१ आणलं, तेव्हा ठोके ताशी १८,००० वरून २१,६०० झाले आणि वेळ मोजण्यात काही उणं पडलं नाही. कॉलमच्या कडा चोख घासलेल्या आहेत का, पुलांच्या, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, आतल्या कोपऱ्यांची तिरपी कड धारदार आहे का, हे भिंगाखाली पाहावं. असा आतला कोपरा फिरत्या हत्याराने साधत नाही. तो हातानेच करावा लागतो.

जाता जाता एक. रक्तदाबासाठी म्हणून विकली जाणारी मनगटातली चुंबकीय कडी रक्तदाबाचं काही करत नाहीत, घड्याळाचं मात्र नक्की करतात. बॅलन्स चक्राला झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळू शकतं. चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर बहुतेक वेळा हे मिनिटभरात सुटतं.

जुना क्रोनोग्राफ घेताना पूर्ण चावी देऊन झोका दोनदा मोजून घ्यावा, एकदा क्रोनोग्राफ बंद ठेवून आणि एकदा चालू करून. आडव्या क्लचमध्ये २०-३० अंशांची घट चालते, त्याहून बरीच जास्त असेल तर खोली किंवा पट्टीची स्प्रिंग तपासावी लागेल. मग ५९ व्या सेकंदापासून क्रोनोग्राफच्या मिनिटकाट्याकडे लक्ष ठेवावं. तो दोन घरं उडाला तर त्याला ढकलणारं बोट खोल बसलंय, हललाच नाही तर उथळ. शेवटी वेगवेगळ्या सेकंदांवर थांबवून दहाबारा वेळा शून्य करावं, त्यात एकदा ३० च्या अगदी जवळ, कारण तिथे हातोडी पानाच्या टोकावरच पडते. टोक झिजून बोथट झालं असेल तर काटा तिथेच अडकून बसेल.