तिरकी दोरी आणि एक मोबाईल

जुलै महिन्यात बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात पीटीचा पिरेड म्हणजे काय असतो ते इकडच्या माणसालाच कळणार. ग्राउंडवर तांबडा चिखल, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, व्हरांड्यात सातवीची बेचाळीस पोरं दाटीवाटीने उभी, आणि स्टाफरूममधून कोणीतरी विचारतंच, सर तुमचा पिरेड गणिताला घेऊ काय. गेल्या पावसाळ्यात मी व्हरांड्याच्या दोन खांबांना एक सुंभाची दोरी बांधली, एक टोक घोट्याच्या जरा वर आणि दुसरं पार कमरेपर्यंत, आणि पोरांना म्हटलं, मारा उड्या, जिथून पाहिजे तिथून. एक पोरगी लगेच बोलली, "सर, दोरी तिरकी बांधलाय की."

तिरकीच बांधलेली. ही आयडिया माझी नव्हे बरं का. मुस्का मॉस्टन म्हणून एक माणूस होता, मूळचा इस्रायलचा, पुढं अमेरिकेत क्रीडाशिक्षण शिकवायला गेला, त्याने १९६६ मध्ये पीटी शिकवायच्या पद्धतींची एक मोठी मांडणी केली, आणि त्याचं हे तिरक्या दोरीचं उदाहरण क्रीडाशिक्षणात आजही सांगतात. त्याचं म्हणणं एकदम साधं. दोरी आडवी सरळ धरली आणि दर फेरीला वर वर नेली की काय होतं, जो अडला तो बाहेर. म्हणजे ज्याला उडीच्या सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात आधी भिंतीला टेकून बसतो, आणि ज्याला काहीच शिकायचं राहिलेलं नाही तो शेवटपर्यंत उड्या मारत राहतो! आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलोय आणि त्याला स्पर्धा म्हणतोय. तीच दोरी तिरकी केली की प्रत्येकाला आपल्या मापाची जागा मिळते, कोणी बसत नाही, आणि जागा ठरवतो तो पोरगा स्वतः.

आता कोणी म्हणेल एकाच वर्गातली पोरं, एकाच वयाची, एवढा काय फरक असणार. असतो हो. उंची झपाट्याने वाढायचा काळ मुलींना साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांना चौदाव्या वर्षी येतो, पण हे झालं सरासरीचं, कोणाला वर्ष-दोन वर्षं आधी येतो कोणाला तेवढाच उशिरा, त्यामुळं सातवीच्या एका बाकावर एक जण शरीराने अकरा वर्षांचा आणि शेजारचा चौदाचा असं सहज होऊ शकतं. जन्मतारखेनं हे कळत नाही. (आणि आमच्या मागच्या पिढीत तर अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली, ते सोडूनच द्या.) शिवाय एकाच इयत्तेत जूनमध्ये जन्मलेला आणि पुढच्या मे महिन्यात जन्मलेला यांच्यात अकरा महिन्यांचं अंतर. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास आइस हॉकीचे खेळाडू तपासले तर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या जास्त निघाली, कारण तिकडं वयाची मोजणी १ जानेवारीपासून. लहानपणी जो थोडा मोठा दिसला त्याला टीममध्ये घेतलं, त्याला सराव जास्त मिळाला, आणि तो खरंच पुढं गेला.

तालमीत ही गोष्ट वस्तादाला कोणी शिकवावी लागत नाही. जोड लावताना तो वय विचारत नाही, वजन बघतो, अंग बघतो, मग ठरवतो. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांमध्ये अलीकडं पोरांची वाढ किती झाली ते मोजून त्याप्रमाणं गट पाडायचे प्रयोग झालेत, त्याला बायो-बँडिंग म्हणतात. आमच्या वस्तादांनी ऐकलं तर हसतील.

पण बेचाळीस पोरांतला कोण दोरीच्या कुठल्या टोकाला बसतो हे मला नुसतं बघून कळत नाही, आणि मोबाईलचा खरा उपयोग इथं आहे. पोरांकडं फोन नसतात, नकोतच, माझा एक पुरतो. त्यात स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे सुटे फोटो, येतात. फोन बाकावर टेकवून ठेवायचा, पोरगा जागच्या जागी उभी उडी मारतो, आणि मग पाय सुटल्यापासून पाय टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. १०८ फ्रेम आल्या तर हवेतला वेळ ०.४५ सेकंद. त्याचा वर्ग करा, ९.८ ने (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणा, ८ ने भागा, आलं ०.२५ मीटर, म्हणजे उडी २५ सेंटीमीटर. ९६ फ्रेम असतील तर जेमतेम २०. यातलं ८ कुठून आलं ते दहावीच्या पोरांना विचारा, वर जायला निम्मा वेळ आणि खाली यायला निम्मा, एवढंच आहे. एक मात्र आहे, पोरं लबाड असतात, खाली येताना गुडघे पोटाशी घेतात, पाय उशिरा टेकतात आणि उडी फुगून येते. म्हणून पाय सरळ ठेवून टेकायचं हा नियम. आणि मापं झाली की व्हिडिओ त्याच दिवशी सगळ्यांसमोर डिलीट करतो, पालकांना हे आधीच सांगून ठेवलंय.

पळण्यासाठी बीप टेस्ट. हे कॅनडाच्या ल्यूक लेजेचं काम, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं. वीस मीटरवर दोन रेघा, फोनवरून बीप वाजतो, प्रत्येक बीपला पलीकडची रेघ गाठायची, सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरने म्हणजे एका फेरीला साधारण साडेआठ सेकंद, आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. मला ही टेस्ट आवडायचं कारण वेगळंच आहे. आमच्याकडं शेजारच्या कन्नड शाळेची पोरं पण कधीकधी ग्राउंडवर असतात, मी "पळा" म्हणणार, त्यांचे सर "ओडु" म्हणणार, निम्म्यांना निम्मं कळणार. बीपला भाषाच नाही, दोन्हीकडची पोरं एका रेघेवरून एकदम सुटतात.

पण नीट बघितलं तर बीप टेस्ट म्हणजे सरळच दोरी की! जो थकला तो बाहेर, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणून मी त्यात थोडं बदललंय. वहीत प्रत्येकाच्या नावापुढं मागच्या वेळच्या फेऱ्या लिहिलेल्या असतात, कोणाच्या ३४, कोणाच्या ११. अकरावाल्याने तेरा केल्या की त्याचं काम झालं, मग तो कडेला बसत नाही, दुसऱ्याच्या फेऱ्या मोजतो.

आणि हृदयाचं गणित तर मी स्वतः फार उशिरा शिकलो. इकडं बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं गावात पीटी म्हणजे भरतीचं रनिंग असंच डोक्यात, १६०० मीटरला पहिला कोण आला ते सांगा. एकदा पोरांना ६०० मीटर पळवलं आणि थांबल्याबरोबर मनगटावर बोट ठेवून १५ सेकंद नाडी मोजली. पहिला आलेला ३८, म्हणजे मिनिटाला १५२. सगळ्यात शेवटी रडकुंडीला येऊन पोचलेला, ज्याला मी वर्षभर "आळशी" म्हणत होतो, त्याचे ४७, म्हणजे १८८.

आता हिशेब बघा. फिनलंडच्या कार्व्होनेनने १९५७ मध्ये सांगितलं की नुसते ठोके बघू नका, बसल्या ठिकाणचे ठोके आणि कमाल ठोके यांच्यामधलं जे अंतर आहे त्यातलं किती वापरलं ते बघा. पोरांचे कमाल ठोके साधारण २०० धरले आणि बसल्या ठिकाणचे ८०, तर मधलं अंतर १२०. पहिल्याने त्यातले ७२ वापरले, म्हणजे ६० टक्के. शेवटच्याने १०८, म्हणजे ९० टक्के! जो आळशी तोच सगळ्यात जास्त मेहनत करत होता, आणि मी त्याला वरून ओरडत होतो. (२२० वजा वय हे सूत्र सगळीकडं फिरतं, पण ते मोठ्यांच्या सरासरीवरून आलंय, शाळकरी पोरांचे कमाल ठोके वयाप्रमाणं फारसे बदलत नाहीत.)

मग उत्साहाने एका मित्राचं स्मार्टवॉच आणलं आणि कबड्डीत एकाच्या हाताला बांधलं. आकडे असे उड्या मारायला लागले की पोरगा मेला की काय वाटावं. घड्याळाखाली हिरवा दिवा असतो, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. पण मनगट आवळलं, पिरगाळलं, झटकलं की तो हिशेब बिघडतो, आणि पळताना तर कधीकधी घड्याळ पावलांचाच ताल ठोके म्हणून दाखवतं. बसलेल्या माणसाला ठीक आहे, कबड्डीला बोटं आणि भिंतीवरचं घड्याळच बरं, फक्त थांबल्या थांबल्या मोजायचं, कारण ठोके भराभर उतरतात.

स्लो मोशनचं अजून एक आहे. सुरुवातीला मी प्रत्येक उडीनंतर व्हिडिओ दाखवायचो आणि पोरं उडी मारून लगेच माझ्या तोंडाकडं बघायची, कशी झाली सर. सतत कोणी सांगत राहिलं की स्वतःच्या अंगाला काय जाणवलं तिकडं लक्षच जात नाही, मग सांगणारा बाजूला झाला की गाडी अडते, हे साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्येच मांडलेलं. आता मी आधी विचारतो, तुला काय वाटलं, कुठला पाय आधी सुटला, आणि त्यानं मागितला तरच व्हिडिओ दाखवतो.

दोरीखाली फरशीवर पोरांनी खडूनं आपापल्या खुणा केल्यात, नावाचं पहिलं अक्षर आणि एक रेघ. ऑगस्ट संपेपर्यंत बऱ्याच खुणा उंच टोकाकडं सरकल्या. परवा ताप येऊन गेलेला एक पोरगा आठवड्यानं शाळेत आला, दोरीजवळ गेला, जरा उभा राहिला, मग स्वतःची खूण हातानं पुसून दोन वीत खालच्या टोकाकडं काढली आणि म्हणाला, सर, पुढच्या सोमवारी परत वर नेतो. मी वहीत तारीख टाकून ठेवली.