काळ्या पडद्यावर काय लिहिलंय: ‘ग्रब रेस्क्यू’ की ‘इनिटरॅमएफएस’?

भाचीचा फोन आला तेव्हा ती अगदी रडकुंडीला आली होती. “मामा, माझा ग्रब उडालाय. दोनदा परत टाकला, तरी तेच!” (ग्रब म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्रॅम.) तिने लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरचं डेबियन लिनक्स जसंच्या तसं एका बाहेरच्या एसएसडीवर उतरवलं होतं. एसएसडी यूएसबी केसमध्ये घातलेली. घरी आणि कॉलेजच्या लॅबमध्ये एकच सिस्टिम घेऊन फिरता यावं, एवढाच हेतू. घरच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं आणि लॅबमध्ये काळा पडदा आला. मी म्हटलं, आधी पडद्याचा फोटो पाठव. फोटोत शेवटच्या ओळीवर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहिलेलं होतं आणि पुढे कर्सर लुकलुकत होता.

म्हणजे ग्रब ठणठणीत होता. दोन दिवस ती जे दुरुस्त करत होती, ते बिघडलेलंच नव्हतं.

ही गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, काहीतरी टाइप करायला सांगणारा कर्सर. दुरून दोन्ही सारखंच दिसतं. आणि बाहेरच्या ड्राइव्हवर लिनक्स चालवणाऱ्यांच्या नशिबी हे दोन्ही पडदे येतात. पण एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. (खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरंच वापरायची.)

पालखीला जसे खांदे बदलतात, तसं बूट होताना असतं. आधी मशीनचं फर्मवेअर (मदरबोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर), मग ग्रब, मग कर्नल (लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम) आणि त्याच्याबरोबर आलेलं इनिटरॅमएफएस, आणि शेवटी डिस्कवरची खरी सिस्टिम. पडद्यावरचा प्रॉम्प्ट एवढंच सांगतो की पालखी कोणाच्या खांद्यावर असताना अडली.

‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं, तर ती ग्रबच्याच खांद्यावर आहे आणि कर्नल अजून मेमरीत आलेलाही नाही. बायोस या फर्मवेअरच्या जुन्या पद्धतीत ग्रबचा एक चिमुकला तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बसतो आणि गाभा त्याच्या पाठीमागच्या जागेत. बाकीची मॉड्यूल (गरजेप्रमाणे जोडायचे तुकडे) बूट फोल्डरमधल्या ग्रब फोल्डरात असतात. गाभ्याला तो फोल्डर सापडला नाही किंवा वाचता आला नाही, की तो रेस्क्यूमध्ये थांबतो. तिथे त्याला चारच कमांड कळतात: एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड. टॅब दाबून नाव पूर्ण होत नाही. नुसतं ‘ग्रब’ असं लिहिलेलं दिसलं, ‘रेस्क्यू’ शब्द नसला, तर परिस्थिती बरी आहे: सगळ्या कमांड हाताशी आहेत, फक्त मेन्यूची फाइल सापडलेली नाही. यूईएफआयवर (फर्मवेअरची नवी पद्धत) बऱ्याचदा हाच दुसरा प्रकार दिसतो, कारण तिथल्या सही केलेल्या ग्रबमध्ये नॉर्मल मॉड्यूल आतच भरलेलं असतं.

बाहेरच्या ड्राइव्हच्या बाबतीत याचं नेहमीचं कारण म्हणजे ग्रब भलत्याच डिस्कवर जाऊन बसणं. सिस्टिम बाहेरच्या ड्राइव्हवर टाकली, पण इन्स्टॉलरने ग्रबचा गाभा लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर लिहिला. ड्राइव्ह जोडलेला असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. एके दिवशी तो काढून घरातलं कोणी विंडोज सुरू करायला जातं आणि समोर ‘नो सच डिव्हाइस’, खाली रेस्क्यू. २०२० च्या जुलैअखेर ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाची सुरक्षात्रुटी जाहीर झाली, तेव्हा आलेल्या अपडेटनंतर अनेक मशिनं ‘ग्रब कॅलॉक’ हे चिन्ह सापडत नाही असं सांगत रेस्क्यूत अडकली. मॉड्यूल नवी आली होती आणि मशीन ज्या डिस्कवरून बूट होत होतं तिथला गाभा जुनाच राहिला होता, कारण पॅकेजच्या नोंदीत गाभ्यासाठी दुसरीच डिस्क लिहिलेली होती. डिस्कांची अदलाबदल करणाऱ्यांनी ही नोंद तपासलीच पाहिजे.

‘अननोन फाइलसिस्टिम’ हा संदेशही फसवा आहे. लोकांना वाटतं डिस्कचा विभागच (पार्टिशन) खराब झाला. तसं असेलच असं नाही. ग्रब फाइलसिस्टिम वाचतो तो स्वतःच्या कोडने, कर्नलच्या नव्हे. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ई-टू-एफएस-प्रॉग्सच्या (ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम बनवणारी साधनं) १.४७ आवृत्तीपासून नव्या ईएक्सटी४ विभागांवर एक वैशिष्ट्य आपोआप चालू होऊ लागलं, आणि मूळ ग्रब २.०६ ला ते कळत नव्हतं. कर्नलला तोच विभाग बिनतक्रार वाचता येई, ग्रबला मात्र अनोळखी. त्या विभागावर एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून काहीही हाती लागत नाही.

रेस्क्यूतून बाहेर पडण्याची वाट तशी छोटी आहे. एलएस मारलं की डिस्क दिसतात: (एचडी०), (एचडी१,जीपीटी२) अशा. एकेका विभागात डोकावून बूट फोल्डर कुठे आहे ते शोधायचं. सापडला की ‘सेट प्रीफिक्स’ने तिथल्या ग्रब फोल्डरचा पत्ता द्यायचा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’, मग नुसतं ‘नॉर्मल’. मेन्यू येतो. ही तात्पुरती सोय झाली. सिस्टिम सुरू झाल्यावर ग्रब बाहेरच्या ड्राइव्हवरच नीट बसवायचा, आणि यूईएफआय असेल तर ग्रब-इन्स्टॉलला ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय द्यायचा. बूटची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत राहते, ड्राइव्हबरोबर प्रवास करत नाही. परक्या मशीनचं फर्मवेअर ड्राइव्हवर फक्त ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरातली ‘बूटएक्स६४’ फाइल शोधतं. रिमूव्हेबल पर्याय ग्रबला नेमका तिथे ठेवतो.

आता भाचीच्या फोटोकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत इथे आहे.

कंसातलं ‘इनिटरॅमएफएस’ दिसलं, तर ग्रबने कर्नल आणि इनिटरॅमएफएस दोन्ही मेमरीत चढवून पालखी पुढे दिलेली आहे. इनिटरॅमएफएस म्हणजे मेमरीत उभी केलेली तात्पुरती छोटी सिस्टिम. हिचं मुख्य काम एकच: खऱ्या सिस्टिमचा विभाग शोधून जोडणं. डेबियन-उबंटूमध्ये विभाग सापडला नाही, तर ती साधारण ३० सेकंद वाट पाहते आणि मग बिझीबॉक्सचं शेल (कमांड टाइप करायची साधी जागा) देते. फेडोरात त्याच जागी ड्रॅकटचा (तिथलं इनिटरॅमएफएस बनवणारं साधन) प्रॉम्प्ट येतो.

यावर सगळे विचारतात ते भाचीनेही विचारलं: “अगं बाई, कर्नल ह्याच ड्राइव्हवरून वाचला ना आत्ता? मग लगेच ड्राइव्ह सापडत नाही कसा?” प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरातच या दोन पडद्यांमधला फरक आहे. ग्रब डिस्क वाचतो ती बहुधा फर्मवेअरच्या मदतीने. यूएसबी कशी बोलते हे त्याला स्वतःला माहीत असण्याची गरज नसते. कर्नल आला की ती मदत संपते. त्याला यूएसबी कंट्रोलर, मग यूएसबी स्टोरेज किंवा यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलण्याची नवी, जलद पद्धत), हे सगळं स्वतःच्या ड्रायव्हरनी पहिल्यापासून ओळखावं लागतं. ते ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये भरलेले नसतील, तर शेजारी लावलेली एसएसडी त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. आतल्या डिस्कवर हा प्रश्न क्वचित येतो. बाहेरच्या ड्राइव्हवर जास्त.

या शेलमध्ये घाबरून मशीन बंद करू नका. इथे बरंच काही विचारता येतं. ब्लकआयडी मारून कोणते विभाग दिसतात ते बघा, आणि प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल वाचून कर्नल कोणता यूयूआयडी (विभागाचा ओळखक्रमांक) शोधतोय ते बघा. तो यूयूआयडी यादीत आलेला असेल, तर ड्राइव्ह फक्त उशिरा जागा झाला: ‘एक्झिट’ टाइप करा, बूट पुढे सरकतं. कायमसाठी कर्नलच्या पर्यायांत ‘रूटडिले’ वाढवायचा. विभाग दिसतोय पण यूयूआयडी वेगळा आहे, तर बूटची ओळ चुकीची आहे. आणि ड्राइव्ह मुळीच दिसत नसेल, तर ड्रायव्हर, केबल किंवा केसमधली चिप, यांपैकी काहीतरी. काही केसच्या चिपांचं यूएएसशी जमत नाही. तेव्हा ‘यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स’मध्ये त्या चिपचा क्रमांक देऊन यूएएस बंद करावं लागतं. चालू असताना ड्राइव्ह ओढून काढला होता का, हेही आठवा. फाइलसिस्टिम अर्धवट राहिली, तर ‘एफएससीके हाताने चालवा’ असं सांगून हेच शेल समोर येतं.

भाचीच्या फोटोवरून मी तिला ब्लकआयडी मारायला सांगितलं. फक्त लॅबच्या मशीनची आतली डिस्क आली, तिची एसएसडी नाही. डेबियन टाकताना तिने एक्स्पर्ट इन्स्टॉल निवडलं होतं आणि इनिटरॅमएफएससाठी ‘टार्गेटेड’ हा पर्याय. म्हणजे त्यात फक्त तिच्या लॅपटॉपला लागणारे ड्रायव्हर. लॅपटॉपची डिस्क एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी एसएसडी), त्यामुळे यूएसबी स्टोरेज भरायचं कारणच नव्हतं. आर्च लिनक्सवर ऑटोडिटेक्ट आणि फेडोरात होस्टओन्ली यांचाही असाच परिणाम होतो.

“पण मग घरी कसं चाललं?” ती म्हणाली.

याचं उत्तर द्यायला मलाही थोडा वेळ लागला. तिला म्हटलं, घरी जा, ड्राइव्हवरून बूट कर आणि एलएसबीएलके (डिस्क आणि त्यांच्या विभागांची यादी दाखवणारी कमांड) मार. तिने मारलं. चालू सिस्टिमची खूण (तिरकी रेघ) एसएसडीपुढे नव्हतीच. ती आतल्या एनव्हीएमईपुढे होती. जसंच्या तसं उतरवल्यामुळे दोन्ही विभागांचा यूयूआयडी एकच. ग्रबने पालखी पुढे दिली, कर्नलने तो यूयूआयडी शोधला, आणि त्याला दिसू शकणारी एकमेव डिस्क होती आतली. घरी ती एकदाही बाहेरच्या ड्राइव्हवर काम करत नव्हती. लॅबमध्ये आतली डिस्क तिची नव्हती, म्हणून खरं उघडं पडलं.

दुरुस्ती एका संध्याकाळीत झाली. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून आधी एसएसडीचा विभाग तपासला, मग ‘ट्यून-टू-एफएस’ने त्याला नवा यूयूआयडी दिला आणि एफएसटॅबमध्ये (कोणता विभाग कुठे जोडायचा याची यादी) तो लिहिला. क्रूटने (लाइव्हमधून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरण्याची कमांड) आत जाऊन इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल ‘डेप’ (म्हणजे तोच ‘टार्गेटेड’) ऐवजी ‘मोस्ट’ (बहुतेक सगळे ड्रायव्हर) केलं. डेपची ओळ आणखी एका छोट्या फाइलमध्येही होती, ती काढली. मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ सगळ्या कर्नलांसाठी आणि ‘अपडेट-ग्रब’. ग्रब परत बसवायची वेळ आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून तिचा फोन. सिस्टिम उघडली होती, पण आठवडाभर लिहिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट एसएसडीवर कुठेच नव्हता. आवाज पुन्हा रडवेला. घरी येऊन लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरचं तुझं डॉक्युमेंट्स फोल्डर उघड, म्हटलं. तिथे तो सुखरूप होता, शेवटच्या परिच्छेदापर्यंत.