गुहागरचा वारा निघतो कुठून?

मे महिना लागला की साताऱ्याहून गाड्या पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतात आणि चिपळूणमार्गे गुहागर गाठतात. यंदा आम्हीही गेलो. अंग घामानं चिकचिकत होतं, तरी जो तो म्हणत होता, "इथं बरं वाटतं." का वाटतं? पुतण्यानं शाळेतलं उत्तर दिलं: जमीन लवकर तापते, गरम हवा वर जाते, रिकाम्या जागेत समुद्रावरची हवा येते, हेच खारे वारे. उत्तराचा पहिला भाग बरोबर आहे. पण ती 'रिकामी जागा' कधी तयारच होत नाही.

आधी वाळू बघा. दुपारी दीडला अनवाणी पाच पावलंही टाकवेनात. तिथंच टाचेनं वीतभर खड्डा केला, तर खाली गार, ओलसर वाळू! कोरड्या वाळूत उष्णता वरच्या काही बोटांतच अडकते. पाण्यात मात्र ऊन खोल शिरतं आणि लाटा ती उष्णता घुसळून आणखी खाली नेतात. शिवाय १ किलो पाणी १ अंशानं तापवायला तेवढ्याच कोरड्या वाळूच्या सुमारे पाचपट उष्णता लागते. म्हणून वाळू ५० अंशांपुढे जाते, तेव्हा समुद्र जेमतेम एखादा अंश चढलेला असतो. पुस्तकात पाचपटीचा मुद्दा असतो. मला घुसळण जास्त महत्त्वाची वाटते.

आता वारा. दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन. जमिनीवरची हवा तापून फुगते, तिचा स्तंभ उंचावतो, पण वजन तेवढंच राहतं. म्हणजे जमिनीलगतचा दाब अजून बदललेला नाही. मात्र हजार मीटरवर मोजलं, तर जमिनीच्या बाजूला त्या पातळीच्या वर जास्त हवा गेलेली असते. तिथं दाब समुद्राच्या बाजूपेक्षा जास्त भरतो, म्हणून आधी वरची हवा समुद्राकडे सरकते. तेवढं वजन उतरलं की मगच खाली दाब कमी होतो आणि समुद्रावरची हवा आत येते. सुरुवात वरून होते! फरक साधारण १ मिलिबारचा, एकूण दाब हजाराच्या आसपास. हजारातल्या एका भागावर माडाच्या झावळ्या डोलतात.

हा वारा कातडीलगतची दमट हवा हटवतो, घाम वाळतो, अंग निवतं. त्यात 'ओझोन'चा काही वाटा नाही. 'समुद्राच्या हवेत ओझोन असतो' अशी जाहिरात दिसली तर पैसे देऊ नका. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना त्रासच देतो. समुद्राचा तो ओळखीचा वास बराचसा सूक्ष्म वनस्पतींमुळे हवेत येणाऱ्या गंधकाच्या एका संयुगाचा असतो.

संध्याकाळी वारा पडला आणि तासभर नुसत्या घामाच्या धारा. रात्री जमीन समुद्रापेक्षा गार झाली की गणित उलटतं आणि मतलई वारे सुटतात. शिडाच्या होड्या पहाटे याच वाऱ्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या.