तेल गळते, पण कोणत्या बाजूला फिरताना?

ऑइल सील म्हणजे शाफ्टभोवती, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याभोवती, घट्ट बसवलेला रबराचा बूच, आणि तेल गळू लागले की तो झिजला असे समजून नवा ठोकायचा, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्यावर कोणी वाद घालत नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका गॅरेजात गेल्या उन्हाळ्यात उभ्या असलेल्या लष्करी ट्रकने मात्र तीन नवी सील वाया घालवून हा समज खोटा ठरवला. ट्रक शक्तिमान होता. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून तयार होऊ लागलेला आणि लष्करातून निवृत्त झाल्यावर लिलावात शेतकरी, लाकूडवाले आणि गॅरेजवाले यांच्याकडे आलेला. पावसाळ्यात काळ्या रानात चाकापर्यंत रुतलेले उसाचे आणि केळीचे ट्रक बाहेर ओढणे, हे त्याच्या विंचचे, म्हणजे दोर गुंडाळून भार ओढणाऱ्या यंत्राचे, सध्याचे काम, आणि तेल गळत होते ते याच विंचमधून. मिस्तरी वैतागून म्हणाला, "सील ते नवंच शे, मंग तेल का बरं गळी ऱ्हायनं?"

या विंचमध्ये इंजिनाची शक्ती पी.टी.ओ.मार्फत, म्हणजे इंजिनाची शक्ती दुसऱ्या यंत्राला देणाऱ्या जोडणीतून, एका पोलादी वर्मला, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेल्या दांड्याला, मिळते आणि वर्म ब्राँझच्या दातेरी चाकाला फिरवतो. वर्मच्या आट्यांचा कोन पुरेसा कमी असला, तर ओढलेला भार दोराच्या ड्रमला उलटा फिरवू शकत नाही. या सुरक्षिततेची किंमत अशी, की दिलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक शक्ती घर्षणात जाऊन उष्णता होते. म्हणून विंचचे तेल नुसते वंगण नसून उष्णता वाहून नेणारे माध्यमही असते. नट खोलल्यावर जे तेल परातीत आले, ते चहासारखे दुधाळ होते आणि त्यात सोनेरी चकाकी तरंगत होती. परातीत फिरवलेल्या लोहचुंबकाला ती चिकटली नाही, म्हणजे ती ब्राँझची होती. दुधाळपणा पाण्याचा होता. पाणी कोठून आले, याकडे पुढे येऊ. आधी सीलकडे वळतो, कारण या सगळ्या यंत्रात मला सर्वांत आवडणारी वस्तू तीच आहे.

सीलचा ओठ, म्हणजे त्याची आतली रबरी कड, शाफ्टला जिथे टेकतो ती पट्टी नव्या सीलमध्ये जेमतेम एकदशांश मिलिमीटर रुंद असते. फिरताना ओठ शाफ्टला प्रत्यक्ष घासत राहिला, तर तो थोड्या वेळात जळून जाईल. ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो, हे संशोधक ई. टी. जॅगर यांनी १९५७ मध्ये प्रयोगाने दाखवले. हा थर साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ. आता प्रश्न असा, की तेल ओठाखालून वाहत असेल, तर ते बाहेर का येत नाही?

उत्तर ओठाच्या आकारात आहे. त्याचा तेलाकडचा उतार सुमारे ४५ अंशांचा, उभा असतो, तर हवेकडचा सुमारे २५ अंशांचा, पसरट. शिवाय ओठ आवळणारी गोल स्प्रिंगही टोकापासून किंचित हवेच्या बाजूला सरकवलेली असते. त्यामुळे दाबाचा कळस तेलाच्या बाजूला येतो आणि तेथून हवेकडे दाब हळूहळू उतरत जातो. ओठ थोडा झिजला की त्या पट्टीवर रबराचे सूक्ष्म उंचवटे उघडे पडतात. शाफ्ट फिरताना रबराला आपल्याबरोबर ओढतो. दाब जास्त तेथे रबर जास्त ओढले जाते, कडांना कमी. परिणामी या उंचवट्यांच्या रांगा व्ही अक्षराच्या आकारात वाकतात आणि व्हीच्या दोन्ही भुजा वाहत्या तेलाला टोकाकडे लोटतात. हवेकडची भुजा लांब असल्याने तिचा जोर जास्त पडतो, आणि गोळाबेरीज अशी होते की ओठ तेलाला आत ढकलत राहतो. थोडक्यात, सील हा बूच नसून पंप आहे. शाफ्ट उलटा फिरवला तरी व्हीचे टोक उलट दिशेला वळते, पण लांब भुजा हवेकडेच राहते. म्हणून चांगले सील दोन्ही दिशांना चालते, आणि चुकून उलटे बसवले, तर तेवढ्याच उत्साहाने तेल बाहेर फेकते.

शक्तिमानची गोष्ट येथे उलगडली. मालकाला सहज विचारले, की दोर गुंडाळताना गळते की सोडताना? तो म्हणाला, ओढताना थेंबही पडत नाही, उलटे फिरवून सोडताना मात्र धार लागते. एका दिशेलाच गळती म्हणजे दोष सीलचा नसून शाफ्टचा. जुन्या ओठाने पाडलेली खाच वेल्डिंगने भरून शाफ्ट लेथवर कातलेला होता. लेथचे हत्यार सरकत जाते, तेव्हा डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागावरही बारीक आटे राहतात. फिरणाऱ्या शाफ्टवर तेच आटे तेल वाहून नेतात, आणि त्यांच्यापुढे ओठाचा पंप कमी पडतो. खात्रीसाठी शाफ्ट लेथवर चढवून हलके तेल लावले, त्यावर शिवणकामाचा दोरा टाकून खालच्या टोकाला एक छोटा नट टांगला आणि शाफ्ट सावकाश फिरवला. दोरा आपोआप उजवीकडे चालू लागला. दिशा बदलताच डावीकडे परतला. मिस्तरीने हा प्रयोग चार वेळा करून पाहिला. उपाय म्हणजे ग्राइंडिंग, तेही दगड लांबीने न सरकवता सरळ आत देऊन केलेले. त्यानंतर दोरा जागचा हलला नाही.

पाण्याचे कोडे ब्रीदरमध्ये होते. ब्रीदर म्हणजे विंचच्या बंद पेटीतल्या हवेला ये-जा करू देणारे बारीक छिद्र, आणि ते वाळलेल्या मातीने बुजलेले होते. विंच २५ अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापला की बंद पेटीतला हवेचा दाब सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो आणि ओठाला बाहेर लोटतो. तोच तापलेला विंच नाल्याच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. बाहेरचे आत ढकलणाऱ्या ओठाने त्यात भरच घातली. हुकाला लिंबू-मिरची बांधलेली होती, ती दर शनिवारी बदलली जात होती. ब्रीदरकडे मात्र कित्येक वर्षांत कोणी पाहिले नव्हते. गळती थांबवणाऱ्या बाटलीबंद औषधाचीही हीच गत. त्यातील रसायनाने रबर फुगते, काही दिवस ठीक वाटते, आणि मग ते पिठूळ होते. शाफ्टवरचे आटे त्याला कळत नाहीत.

नवे सील बसवताना शाफ्टवरच्या चावीच्या (की-वे) खाचेवर पातळ टेप गुंडाळली, ओठाला तेल लावले, स्प्रिंग तेलाकडे ठेवली आणि हातोड्याऐवजी योग्य मापाच्या पाइपने ते सरळ दाबले. तेल वर्म गिअरसाठीचे जाड घेतले. ट्रकच्या मागच्या आसातल्या हायपॉइड गिअरच्या तेलातील क्रियाशील गंधक तापल्यावर ब्राँझला खाते. सुरुवातीच्या फेऱ्यांत ओठाखाली थोडा ओलावा दिसतो, कारण व्ही आकार घेणारे उंचवटे तोवर उघडे पडलेले नसतात. तो पुसायचा, आणि विंच दोन्ही दिशांना अर्धा तास फिरवून पुन्हा पाहायचे.