हिल रोडची मुलांची शाळा आणि १९५४चं परिपत्रक

इंग्रजी शाळेत शिकलेल्या कुणालाही मराठीत ‘कॉन्व्हेंटचा’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. वांद्र्याच्या हिल रोडवरच्या सेंट स्टॅनिस्लॉसच्या मुलांनाही हे बिरुद चिकटतं. खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे नन राहतात तो मठ, आणि ही शाळा जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांची. घोळ एवढाच असता तर हसून सोडून देता आला असता. पण अशा शाळांना लावलेल्या दुसऱ्या एका शब्दापायी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो शब्द ‘अँग्लो-इंडियन’.

शाळेची सुरुवात १८६३ची, मुलांचा अनाथाश्रम म्हणून. तेव्हा वांद्र्याच्या कॅथलिकांवर दोन धर्मसत्ता होत्या. समुद्राकडचं सेंट अँड्र्यूज चर्च पाद्रोआदोकडे, म्हणजे पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या चर्च-अधिकाराकडे, पर्यायाने गोव्याकडे बघणारं. त्याच्या अलीकडे असलेलं सेंट पीटर्स रोमने थेट नेमलेल्या मुंबईच्या बिशपाकडे. एकाच रस्त्यावरच्या या दोन निष्ठांचा कारभार १९२८मध्ये एकदाचा एक झाला. शाळा सेंट पीटर्सच्या बाजूची. मुंबईतले जेझुइट त्या काळी मुख्यतः जर्मन. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांना शत्रूराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध केलं, अनेकांना परत धाडलं, आणि पुढे त्यांच्या जागी स्पॅनिश फादर आले. तोवर आश्रमाची शाळा झाली होती. पुढे हायस्कूल झालं आणि मैदानावरच्या हॉकीने नाव काढलं. इथली मुलं ऑलिम्पिकपर्यंत खेळली. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, आणि बाकीची मॉरल सायन्सला, म्हणजे नीतिशिक्षणाला, ही अशा शाळांतली विभागणी ज्यांनी अनुभवली त्यांना वेगळी सांगायला नको.

आता तो शब्द. इंग्रजांच्या काळात युरोपियन आणि मिश्रवंशीय मुलांसाठीच्या शाळांचे नियम वेगळे, अनुदान वेगळं, परीक्षाही बऱ्याचदा केंब्रिजची. या ‘युरोपियन शाळा’ पुढे कागदोपत्री ‘अँग्लो-इंडियन शाळा’ झाल्या. राज्यघटनेने कलम ३३७ खाली त्यांचं अनुदान दहा वर्षं चालू ठेवलं, दर तीन वर्षांनी कमी होत जाणारं, पण एका अटीवर: दरवर्षीचे निदान ४० टक्के प्रवेश इतर समाजांच्या मुलांना खुले हवेत. अँग्लो-इंडियन कोण, हेही घटनेतच लिहिलेलं आहे. बापाच्या बाजूने युरोपियन वंश असलेला. म्हणजे वांद्र्याचा डिसोझा किंवा परेरा यात बसत नाही. त्याचं आडनाव पोर्तुगीज असलं तरी ते पूर्वजांच्या बाप्तिस्म्यातून आलेलं. साष्टीतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, घरात बोली तर मराठीचीच.

६ जानेवारी १९५४ला मुंबई सरकारने परिपत्रक काढलं. इंग्रजी हे माध्यम असलेल्या वर्गात यापुढे नवा प्रवेश फक्त ज्यांची भाषा इंग्रजी आहे त्यांनाच, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या नागरिकांना. आधीपासून शिकणाऱ्यांना हात लावलेला नव्हता. पार्श्वभूमी ध्यानात घ्यायला हवी. तेव्हा राज्यातल्या मराठी-गुजराती शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू होई, आणि ज्याला परवडेल तो मुलाला फादरांच्या नाहीतर ननांच्या शाळेत घालू लागला होता. मातृभाषेच्या शाळा ओस पडतील ही सरकारची भीती पोकळ नव्हती. पुढच्या सत्तर वर्षांनी ती पुरेशी खरी ठरवली आहे. उपाय मात्र आडमुठा होता. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषेचा एक रकाना असतो. त्या रकान्यात मराठी, कोकणी, गुजराती यांपैकी काहीही लिहिलं की दार बंद. कॅथलिकांनी काढलेल्या शाळेत बहुसंख्य कॅथलिक मुलांनाच दार बंद, ही त्यातली खरी गंमत. त्या वेळच्या चर्चेत ती फारशी कुणी बोलून दाखवली नाही असं मला वाटतं, कारण वाद ‘इंग्रजी विरुद्ध देशी भाषा’ असाच रंगवला गेला.

कोर्टात गेली ती कॅथलिक शाळा नव्हे, देवळालीची अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या, परंपरेतली एक शाळा. तिच्या ४१५ मुलांपैकी २१२ अँग्लो-इंडियन होती. बाकीची इतर समाजांतली. परिपत्रकामुळे तिने एका भारतीय ख्रिस्ती मुलीला आणि एका गुजराती हिंदू मुलाला प्रवेश नाकारला, आणि त्यांचे पालकही न्यायालयात गेले. सरकारचं म्हणणं होतं, आमचा हेतू राष्ट्रभाषेच्या आणि प्रादेशिक भाषांच्या वाढीचा आहे, कुणाशी भेदभाव करायचा नाही. उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. सरकार अपिलात गेलं, आणि २६ मे १९५४ला सर्वोच्च न्यायालयानेही परिपत्रक अवैध ठरवलं. हेतू काहीही असो, प्रवेश नाकारण्याचं थेट कारण भाषा हेच आहे आणि घटनेचं कलम २९(२) ते करू देत नाही, असा निकालाचा गाभा. शिवाय ४० टक्के जागा इतरांना देण्याची घटनेतली अट हे परिपत्रक पाळूच देत नव्हतं. एका हाताने अट घालायची आणि दुसऱ्या हाताने ती मोडायला लावायची, असा हा प्रकार होता.

जूनच्या प्रवेशांच्या तोंडावर निकाल आला आणि रकान्यातल्या मराठीने अडायचं थांबलं. शाळांचा चेहरा बदलत गेला तो त्यानंतर. विशेष अनुदान दहा वर्षांची मुदत भरल्यावर संपलं. माझगावच्या सेंट मेरीजमध्ये मात्र एकाच आवारात एसएससी आणि आयसीएसई असे दोन विभाग आजही आहेत. राज्याची एक आणि केंब्रिजची एक या जुन्या दुहेरी परीक्षापद्धतीशी त्याचं नातं सहज लागतं.

‘अल्पसंख्याक शाळा’, म्हणजे धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकांनी चालवलेली, हा नंतरचा परवलीचा शब्द. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने अशा शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, शिक्षणहक्क कायद्यातून आणि त्यातल्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट मिळाली. तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

२०२०मध्ये दोन गोष्टी मागेपुढे घडल्या. लोकसभा आणि विधानसभांतल्या अँग्लो-इंडियन नियुक्त जागा घटनादुरुस्तीनंतर जानेवारीत संपल्या, आणि महाराष्ट्राने सर्व माध्यमांच्या, सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. एसएससी बोर्डाच्या कॅथलिक शाळांना दुसऱ्याचं फार काही वाटलं नसावं. मराठीचं पुस्तक त्यांच्या दप्तरात आधीपासूनच होतं.