संक्रांतीनंतरचा काटा आणि यकृतातलं कोठार

किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सून वजनाचा काटा काखेत धरूनच आमच्या दारात उभी राहिली. "काका, चार दिवसांत दोन किलो वाढलं की वो! आता सोमवारपर्यंत नुसतं लिंबूपाणी." मंगळवेढ्याकडच्या रानात हुरडा झाला होता. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, संक्रांतीला तुपाची धार धरून शेंगापोळी, संध्याकाळी सोलापूरच्या होम मैदानावर पोरांबरोबर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आणि तिथली गरम भजी. सगळं हौसेनं खाल्लेलं. आणि आता चेहरा असा, की जणू चोरी पकडली गेली. मोबाइलवर यकृत 'साफ' करून तीन दिवसांत तीन किलो उतरवणाऱ्या 'डिटॉक्स' पावडरीचा निरोपही येऊन पडला होता.

मी आधी तिला एक हिशोब करायला लावला. शरीरात एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे रोजची गरज भागवून वर उरलेल्या. दोन किलोला १५,४०० झाल्या. एका शेंगापोळीच्या ढोबळमानानं ३०० धरल्या, तर रोजचं पोटभर जेवण जेवून त्यावर पन्नासेक पोळ्या खायला हव्यात. तिनं खाल्ल्या होत्या पाच, फार तर सहा. मग काट्यावरचे दोन किलो आले कुठून?

उत्तरासाठी परत हुरड्याच्या आगटीपाशी जावं लागेल. गूळभेंडी ज्वारीचं कोवळं कणीस भाजून चोळलं की दाणा गोड लागतो. तेच कणीस महिनाभर रानात ताटावर राहू द्या, दाणा टणक होतो आणि गोडी जाते. साखर गेली कुठे? ज्वारीनं ती एकाला एक जोडून लांब साखळ्या केल्या, त्यालाच आपण स्टार्च म्हणतो. झाडाची ही साठवणीची रीत आहे. आपल्या शरीरातही तीच रीत आहे, फक्त साखळीला फांद्या जास्त फुटतात. त्या साठ्याचं नाव ग्लायकोजेन.

तो सापडला कसा, ही गोष्ट वर्गात सांगताना मला दर वेळी नव्यानं आनंद व्हायचा. १८५५ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी एका प्राण्याचं ताजं यकृत घेतलं आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडून ते इतकं धुतलं, की त्यात साखरेचा मागमूस उरला नाही. मग ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तपासलं, तर यकृतात पुन्हा साखर! रक्त नाही, अन्न नाही, तरी साखर तयार झाली होती. म्हणजे पाण्यात वाहून न जाणारं काहीतरी आत होतं आणि त्यातून साखर सुटत होती. १८५७ मध्ये त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला.

पण साखर सुटी का नाही ठेवायची? जोडा, फांद्या फोडा, मग पुन्हा तोडा, एवढा खटाटोप कशाला? शाळेतला प्रयोग आठवा. मनुका पाण्यात टाकली की फुगते, कारण आतली साखर पाणी ओढून घेते. पाणी किती ओढलं जाणार हे आत विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं, त्यांच्या आकारावर नाही. यकृताच्या पेशीत ग्लायकोजेनच्या रूपात असलेलं ग्लुकोज सुटं असतं, तर त्याचं प्रमाण रक्तातल्या साखरेच्या सुमारे ऐंशी पट झालं असतं. पेशी मनुकेसारखी फुगून फुटली असती. म्हणून पेशी एका प्रथिनाचा गाभा घेते आणि त्याभोवती ग्लुकोजच्या साखळ्या रचते. दर आठ-बारा कणांनंतर नवी फांदी, अशा एकावर एक बारा पायऱ्यांपर्यंत. एका गोळ्यात ५५ हजारांपर्यंत ग्लुकोजचे कण मावतात, आणि पाण्याच्या दृष्टीनं तो सगळा मिळून एकच कण! शिवाय फांद्यांमुळे मोकळी टोकं सुमारे दोन हजार मिळतात. विकरं (एन्झाइम) त्या सगळ्या टोकांवर एकाच वेळी कामाला लागतात, म्हणून गरज पडताच साखर पटकन सुटते. सलग एकच लांब साखळी असती तर टोकं मोजकीच, आणि तेवढ्या वाटेनं साखर सुटेपर्यंत माणूस भोवळ येऊन पडला असता.

ही साठवण दोन ठिकाणी होते: यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत मिळून ४०० ग्रॅम. या दोन्हींत फरक मात्र मोठा. दुष्काळात कोठार लोकांसाठी खुलं करणाऱ्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. यकृत म्हणजे तसं कोठार. रात्री आपण झोपतो तेव्हा ते रक्तात साखर सोडत राहतं आणि मेंदूला पुरवठा होतो. स्नायू म्हणजे ज्याच्या त्याच्या वाड्यातलं पेव, त्यातलं धान्य शेजाऱ्याला मिळत नाही. कारण साखरेला चिकटलेला फॉस्फेट काढून तिला पेशीबाहेर सोडणारं विकर यकृताकडे आहे, स्नायूंकडे नाही. यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी तोलत दिवसभर चालणाऱ्या मानकऱ्याच्या मांड्या स्वतःच्या पेवातलं धान्य वापरतात, आणि त्याच वेळी त्याच्या मेंदूची काळजी यकृत घेत असतं.

आता काट्याकडे येऊ. ग्लायकोजेन कणांची संख्या कमी ठेवतं हे खरं, पण ते कोरडं नसतं. प्रत्येक ग्लुकोजच्या अंगावर पाण्याला धरणारे हायड्रॉक्सिल गट असतात. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. सणाच्या दिवसांत गूळ, भाकरी, पोळी, हुरडा असं पिष्टमय आणि गोड खाणं वाढलं, की एरवी अर्धवट रिकामी असणारी कोठारं काठोकाठ भरतात. समजा ३०० ग्रॅम ग्लायकोजेन वाढलं, त्याच्यासोबत ९०० ग्रॅम पाणी. जवळजवळ सव्वा किलो इथंच झाला. मग मीठ घ्या. सलाईनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं, रक्ताशी जुळावं म्हणून. म्हणजे भजी, चटणी, लोणच्यातून आलेलं साडेचार ग्रॅम जादा मीठ शरीरात थांबलं, तर ते अर्धा लिटर पाणी धरून ठेवतं. मूत्रपिंडं ते दोन-तीन दिवसांत बाहेर काढतात. उरलेला पाव-अर्धा किलो म्हणजे आतड्यातून अजून बाहेर न पडलेली भोगीची भाजी. झाले दोन किलो.

आणि तीन दिवसांत तीन किलोचा तो चमत्कारही हाच. उपास केला की यकृतातलं ग्लायकोजेन साधारण दिवसभरात जवळजवळ संपतं, त्याचं पाणी लघवीवाटे जातं, काटा खाली येतो आणि पावडर विकणाऱ्याचं नाव होतं. चरबी त्या मानानं फारच थोडी हललेली असते. पुढे मेंदूसाठी साखर तयार करायला शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडू लागतं. जे यकृत चोवीस तास अमोनियाचं युरियात रूपांतर करून आपल्याला जिवंत ठेवतं, ते 'साफ' करायला चूर्ण विकणं ही लोकांच्या भीतीवर चाललेली लूट आहे. मला याचा संताप येतो, कारण बळी पडणारी बहुतेक माणसं आधीच खाण्याबद्दल अपराधी वाटून घेणारी असतात.

तरी "सणाचं सगळं पाणीच असतं" असं सांगून मी कुणाला फसवणार नाही. अमेरिकेत १९५ प्रौढांची सणासुदीच्या आधीची आणि नंतरची वजनं मोजून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो, लोकांना वाटते त्यापेक्षा खूपच कमी. पण पुढच्या महिन्यांत ती उतरली नाही. वर्षभरातली बहुतेक वाढ त्या काही आठवड्यांतलीच होती. शेंगदाण्यातलं आणि तिळातलं तेल, वरचं तूप हे चरबीच्या रूपात सहज साठतं. शरीर आधी साखर जाळतं आणि तेल बाजूला ठेवतं. म्हणून माझा राग संक्रांतीच्या ताटावर नाही. जेवणाच्या टेबलावर फेब्रुवारीपर्यंत उघडा राहणारा तिळगुळाचा डबा मला जास्त खटकतो. येता-जाता उचललेली वडी ना भुकेसाठी असते, ना सणासाठी. आणि दिवसभर लिंबूपाण्यावर राहिलं तरी भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, जेवणाच्या नेहमीच्या वेळांना उसळतंच. रात्री नेमका तोच डबा समोर असतो.

मधुमेह असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची कोठारं इन्सुलिनच्या इशाऱ्यावर नीट भरत नाहीत आणि साखर रक्तातच राहते. सणासाठी गोळी आपल्या मनानं वाढवू नये आणि उपासासाठी बंदही करू नये, डॉक्टरांना आधी विचारावं.

शेजारच्या सुनेला मी एवढंच सांगितलं, की काटा आठ दिवस कपाटावर ठेव. उद्यापासून नेहमीची ज्वारीची भाकरी, आमटी, भाजी, ठरलेल्या वेळेला. उरलेल्या पोळ्या जेवणातच संपवा, चौघांत वाटून. आणि पुढच्या शनिवारी सकाळी, काही खाण्याआधी वजन कर. शनिवारी ती परत आली तेव्हा वाढीव दोन किलोतले चारशे ग्रॅम उरले होते. तिळगुळाचा डबाही सोबत आणला होता, आमच्या नातवंडांसाठी.