जिलेटिन आणि कोलॅजन पेप्टाइड: दोन्ही पोटात गेल्यावर नक्की काय होतं

पुडिंग सेट करायला आणतो ते जिलेटिन आणि स्किन, केस, गुडघे सगळ्यांसाठी म्हणून रोज सकाळी पाण्यात ढवळून पितात ती कोलॅजन पावडर, या दोन्हीचा मूळ माल एकच आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि ज्यांना माहीत असतं त्यांच्या डोक्यात दुसराच घोळ असतो, की जिलेटिन जड, ते पोटात तसंच पडून राहतं आणि पावडर मात्र थेट रक्तात जाते आणि तिथून चेहऱ्यावर. ही दुसरी समजूत पसरलीय ती जाहिरातींमुळे, आणि त्यावर लोक महिन्याला चांगले पैसे घालवतात, आमच्या घरातल्या बायकाही घालवतात, म्हणून हे एकदा नीट मांडायचंच होतं.

आधी एक बाजूला काढून ठेवते. चायना ग्रास म्हणजे अगार, ते समुद्री शेवाळापासून होतं, त्यात कोलॅजनचा अंशही नाही, ते प्रोटीनच नाही. जेली बनते एवढंच साम्य. तसंच प्लांट कोलॅजन, व्हेज कोलॅजन लिहिलेले डबे असतात त्यात साधारणपणे आवळ्याचा वगैरे अर्क, व्हिटॅमिन सी, बायोटिन असलं काहीतरी असतं. कोलॅजन वनस्पतीत नसतंच, ते प्राण्यांच्या कातडीत, हाडात, कूर्चेत, माशांच्या सालीत असतं. त्यामुळे तुम्ही शाकाहारी असाल तर या लेखातल्या दोन्ही गोष्टी तुमच्यासाठी नाहीत, आणि हो, औषधांच्या बऱ्याचशा कॅप्सूलचं कवचही जिलेटिनचंच असतं हेही माहीत असू द्या.

आता मूळ माल. कोलॅजनचा एक रेणू म्हणजे तीन लांब साखळ्या एकमेकींत गुंफलेली वेणी, प्रत्येक साखळीत साधारण हजार अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी, आणि त्यात दर तिसरं ग्लायसिन. ही तिपेडी रचना १९५४-५५ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडली, आपल्याकडचं विसाव्या शतकातलं खरोखर मोठं काम आहे हे, आणि कोलॅजनच्या एवढ्या जाहिराती बघतो त्यात त्यांचं नाव कुठेच नसतं याचं मला फार वाईट वाटतं. दर तिसरं ग्लायसिनच का, तर ते सगळ्यात छोटं अमिनो ॲसिड आहे, वेणीच्या आतल्या अरुंद जागेत दुसरं काही मावतच नाही.

ही वेणी एवढी घट्ट असते की कच्च्या अवस्थेत पोटातलं पेप्सिन, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइमसुद्धा तिच्या टोकांनाच काय ते कुरतडू शकतं. पण पाण्यात घालून तास न् तास उकळलं की वेणी सुटते, तिन्ही पेड वेगळे होतात आणि काही ठिकाणी तुटतातही. हे सुटलेले पेड म्हणजेच जिलेटिन. पाया सूप रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी थरथरतं ना, ते हेच. गार झाल्यावर हे पेड परत एकमेकांत थोडेथोडे गुंततात आणि मध्ये पाणी धरून ठेवतात, म्हणून जेली.

आणि कोलॅजन पेप्टाइड, म्हणजे डब्यावर हायड्रोलाइज्ड कोलॅजन लिहिलेलं असतं ते, हे याच्या पुढची पायरी. सुटलेल्या पेडांवर फॅक्टरीत एन्झाइम घालतात आणि त्यांचे बारीक तुकडे करतात. आकड्यात सांगायचं तर आख्खा कोलॅजन रेणू साधारण ३ लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक), जिलेटिनचे तुकडे काही दहा हजारांपासून लाखाच्याही वर, आणि पेप्टाइड पावडर बहुतेक वेळा २ ते ५ हजार डाल्टनची. तुकडे एवढे छोटे झाले की परत गुंतायला लांबीच उरत नाही, म्हणून पावडर गार पाण्यातही विरघळते आणि कितीही वेळ फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट होत नाही. हे घरी बघायचं असेल तर जिलेटिनच्या जेलीत ताजा, न शिजवलेला अननस किंवा कच्ची पपई घाला, जेली सेटच होणार नाही, कारण त्यातली एन्झाइम जिलेटिनचे तुकडे करून टाकतात. डब्यातला अननस चालतो, कारण तो उकळलेला असतो, एन्झाइम मेलेली असतात. फॅक्टरीत होतं ते याच जातीचं काम आहे, फक्त मोजून मापून.

म्हणजे दोन्हीत फरक काय तर किती आधीच कापलंय एवढा. आता पोटात बघू.

जिलेटिन तोंडातच वितळायला लागतं, कारण ते साधारण ३० ते ३५ अंशाला पातळ होतं आणि आपलं अंग ३७ ला असतं. त्यामुळे जिलेटिन पोटात गोळा होऊन बसतं हे डोक्यातून काढून टाका, जठरात पोचेपर्यंत त्याचा पातळ रस झालेला असतो. तिथे ॲसिड आणि पेप्सिन कामाला लागतात, आणि आता वेणी सुटलेली असल्यामुळे पेप्सिनला कुठेही कापता येतं. मग लहान आतड्यात स्वादुपिंडातून ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन वगैरे मंडळी येतात आणि अजून बारीक करतात, आणि आतड्याच्या भिंतीवर जी एन्झाइम बसलेली असतात ती शेवटची कापाकापी करतात. पेप्टाइड पावडरलाही हाच सगळा रस्ता चालावा लागतो, तिच्यासाठी वेगळी लाइन नाही.

आणि इथेच जाहिरातीतला मुख्य दावा पडतो. आतड्याच्या पेशीत शिरायला प्रोटीनच्या तुकड्यांना जे दार आहे, पेप-टी-वन (PepT1) नावाचा ट्रान्सपोर्टर, त्यातून फक्त दोन किंवा तीन अमिनो ॲसिडचा तुकडा जातो. सुट्या अमिनो ॲसिडना त्यांची वेगळी दारं आहेत. आता ३ हजार डाल्टनचा पेप्टाइड म्हणजे साधारण तीसेक अमिनो ॲसिडची साखळी, म्हणजे दारापेक्षा दहापट लांब. लो मॉलिक्युलर वेट म्हणून थेट शोषलं जातं असं लिहिलेलं असतं ना, ते वाचताना हा हिशोब करून बघा. पावडरलाही पोटात कापावंच लागतं, फक्त थोडं काम आधीच झालेलं असतं, त्यामुळे ती थोडी लवकर उतरते. ज्याचं पचन ठीक आहे त्याला जिलेटिन पचवायला काही त्रास नाही, शिजवलेलं मटण, मासे पचतात तसंच ते पचतं.

शोषण कमी होतं की काय अशीही भीती घालतात. १९९९ च्या एका प्रयोगात उंदरांना किरणोत्सारी खूण केलेलं हायड्रोलाइज्ड जिलेटिन दिलं तर १२ तासांत जवळजवळ ९५ टक्के शोषलं गेलं. उंदीरच ते, माणूस नव्हे, हे लक्षात ठेवून वाचायचं, पण शोषण हा अडचणीचा मुद्दाच नाही एवढं त्यातून दिसतं. खरा प्रश्न शोषल्यानंतर काय होतं हा आहे.

पेशीत शिरल्यावर बहुतेक सगळे छोटे तुकडे तिथेच सुट्या अमिनो ॲसिडमध्ये मोडतात आणि रक्तात जातात, मग ते लिव्हरला, स्नायूंना, जिथे गरज असेल तिथे. शरीर त्यावर हे कोलॅजनमधून आलं असा शिक्का मारत नाही. तुमचं ग्लायसिन डाळीतून आलं काय, पाया सूपमधून आलं काय, रक्तात सगळं एकच.

पण एक गोष्ट कोलॅजनची खरोखर वेगळी आहे आणि ती मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. कोलॅजनमध्ये प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन ही दोन अमिनो ॲसिड भरपूर असतात, आणि या दोघांची जोडी एन्झाइमना सहजी तुटत नाही. जपानमध्ये २००५ साली लोकांना हायड्रोलाइज्ड जिलेटिन देऊन रक्त तपासलं तेव्हा प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिन ही जोडी न तुटता रक्तात सापडली, खाल्ल्यावर एक-दोन तासांत सगळ्यात जास्त. बाकीच्या प्रोटीनच्या बाबतीत असं सहसा दिसत नाही. ही जोडी शेवटी तोडणारं एक खास एन्झाइम शरीरात असतं, प्रोलिडेज, आणि ज्यांच्यात जन्मतः ते नसतं अशा अगदी मोजक्या लोकांच्या लघवीत या जोड्या ढिगाने पडतात आणि पायावर न भरणाऱ्या जखमा होतात. कंपन्या म्हणतात की या जोड्या त्वचेतल्या पेशींना सिग्नल देतात आणि त्या जास्त कोलॅजन बनवतात. काचेच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर असा परिणाम दिसलाय हे खरं, पण डिशमधली पेशी आणि माझ्या-तुमच्या गालाची कातडी यात फार अंतर आहे. आणि जिलेटिन खाल्लं तरी पोटात कापून कापून शेवटी याच जोड्या तयार होतात, ही काही पावडरची मक्तेदारी नाही.

आता हायड्रॉक्सिप्रोलिनबद्दल जे कुठल्याच डब्यावर लिहीत नाहीत ते सांगते. खाल्लेलं हायड्रॉक्सिप्रोलिन शरीर नवीन कोलॅजनमध्ये वापरूच शकत नाही. आपल्या जनुकांच्या भाषेत त्याच्यासाठी कोडच नाही. शरीर आधी साध्या प्रोलिनची साखळी बनवतं आणि मग पेशीच्या आत एक एन्झाइम त्या प्रोलिनला हायड्रॉक्सी लावतं, आणि त्या एन्झाइमला लागतं लोह आणि व्हिटॅमिन सी. सी नसेल तर हे होत नाही, वेणी सैल राहते, हिरड्या रक्ताळतात, जुन्या जखमा उकलतात, जहाजांवर हजारो खलाशी मेले ते याच स्कर्व्हीने, आणि १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने संत्री-लिंबं खाऊ घालून खलाशी बरे होतात हे दाखवलं. म्हणजे कोलॅजनचा महागडा तुकडा तुम्ही गिळला तरी तो तसाच्या तसा चेहऱ्यावर जाऊन बसणं शक्यच नाही, नवीन कोलॅजन पेशीत पहिल्यापासूनच विणलं जातं. आणि त्याला लागणारं सी एका पेरूतून दिवसभराचं मिळतं.

प्रोटीन म्हणून बघितलं तर दोन्ही सारखेच कच्चे. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो ॲसिड अजिबात नाही, आणि ते शरीराला बाहेरूनच घ्यावं लागतं, त्यामुळे प्रोटीनचा दर्जा मोजायच्या पद्धतीत एकट्या कोलॅजनचा स्कोअर शून्य येतो. डब्यावर १० ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं असतं ते अंड्याच्या किंवा डाळ-भाताच्या १० ग्रॅमच्या तोडीचं धरू नका. हे काही नवीन ज्ञान नाही हो, पॅरिसमध्ये हाडांचं जिलेटिन काढून गरिबांना, पेशंटना सूप म्हणून देत होते तेव्हा त्यावर माजंदी या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांची कमिटी बसली आणि १८४१ मध्ये त्यांनी सांगितलं की नुसत्या जिलेटिनवर कुत्रीसुद्धा जगत नाहीत. तरी १९७० च्या दशकात अमेरिकेत वजन कमी करायला कोलॅजनचंच लिक्विड प्रोटीन पिऊन राहायचं फॅड आलं आणि त्यात माणसं दगावली. सकाळच्या नाश्त्याच्या जागी पावडर पिणाऱ्या मुली बघते तेव्हा मला हेच आठवतं. नाश्ता सोडू नका, प्लीज.

मग फायदा होतो की नाही? त्वचेवरच्या चाचण्यांचं बघा, २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा सगळ्या मिळून त्वचेचा ओलावा, लवचिकपणा, सुरकुत्या यात सुधारणा दिसली, पण ज्यांना कंपन्यांचे पैसे नव्हते तेवढ्याच वेगळ्या काढल्या तर फायदा गायब, आणि ज्या जास्त काटेकोर होत्या त्यांतही तेच. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे, त्वचेसाठी मी कुणाला पावडर घ्यायला सांगणार नाही, सनस्क्रीन लावायला सांगेन, कारण उन्हाने असलेलं कोलॅजन तुटतं.

स्नायुबंध, सांधे यांच्या बाबतीत मी थोडी मऊ आहे. २०१७ मध्ये ८ तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला, त्यात १५ ग्रॅम जिलेटिन आणि व्हिटॅमिन सी घेऊन तासाभराने ६ मिनिटं दोरीवरच्या उड्या मारल्या तर रक्तातली कोलॅजन बनण्याची खूण दुप्पट झाली. आठच माणसं, पण यात वापरलेलं होतं साधं जिलेटिन, महागडी पावडर नव्हे. आणि उड्या मारल्या होत्या, सोफ्यावर बसून नाही.

त्यामुळे घ्यायचंच असेल तर काय घ्यायचं ते सोयीवर ठरवा. रोज कोऱ्या पाण्यात, कॉफीत ढवळून प्यायचं असेल तर पेप्टाइड सोपं, गुठळ्या होत नाहीत, चवही कमी लागते. पैसे वाचवायचे असतील तर जिलेटिन, आधी गार पाण्यात दहा मिनिटं फुगवायचं, मग गरम पाण्यात विरघळवायचं आणि घट्ट व्हायच्या आत लिंबू पिळून पिऊन टाकायचं. पाया सूप आवडीने प्या, पण त्यात किती जिलेटिन उतरलंय हे हाडं, पाणी आणि वेळ यावर ठरतं, दर वाटीला वेगळं, त्यामुळे डोस म्हणून ते मोजू नका. दुकानात ४० मिलिग्रॅमच्या छोट्या कॅप्सूल दिसतात, अनडिनेचर्ड टाइप टू लिहिलेल्या, ते तिसरंच प्रकरण आहे, त्यात वेणी मुद्दाम न सोडता ठेवलेली असते आणि ते पचून उपयोगी पडावं अशी कल्पनाच नाही, आतड्यातल्या प्रतिकारशक्तीवर काम करावं अशी आहे. त्याची तुलना पावडरशी करूच नका.

आणि ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांनी दोन्ही जपूनच. हायड्रॉक्सिप्रोलिन नवीन कोलॅजनमध्ये जात नाही म्हटलं ना, तर ते मोडताना त्यातून थोडं ऑक्झलेट तयार होतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं, ३० ग्रॅम जिलेटिन दिलेल्या लोकांच्या लघवीत ते वाढलेलं मोजलं गेलंय. आपल्याकडचे बरेचसे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, त्यामुळे खडा काढून झालेल्या माणसाने मोठाले चमचे भरून रोज सुरू करायच्या आधी डॉक्टरांना डबा दाखवावा, आणि खडा तपासायला दिला असेल तर त्याचा रिपोर्टही सोबत न्यावा.